'त्रासदायक' हा पर्याय पटला नाही
लेखात 'विचलित करणारा' या विशेषणाला 'त्रासदायक' हा समानार्थी शब्द दिलाय, तो चुकीचा वाटतो. खानापुरात आमचं घर रेल्वे रुळाजवळ. गाडीच्या धडधडीचा त्रास व्हायचा, पण अभ्यास मोडायचा नाही. उलट पलीकडच्या सोप्यात आई आणि कानडी शेजारीण हळू आवाजात बोलू लागल्या की कान तिकडेच! ते बोलणं गोड, तरी लक्ष उडवणारं. 'व्यत्यय आणणारा' आणखी वेगळा, त्यात चालू काम अडतं. शिकवणीत वीज गेली की व्हायचं तसं.

आणि त्या लेखातून 'विक्षेप', म्हणजे मन ढळणं, हा शब्द कसा सुटला? योगसूत्रांत नऊ चित्तविक्षेप सांगितलेत; त्यांत व्याधी, संशय, आळसही येतात. मन ढळवणारं बाहेरचंच असतं असं नाही, हे 'त्रासदायक'मधून कळत नाही.