काडी बॅटरीची की नेटवर्कची?

"बॅटरी शेवटच्या काडीवर असताना फोन घेऊ नका, रेडिएशन हजारपट होतं. फोन डाव्याच कानाला लावा. रात्री साडेबारा ते साडेतीन बंद ठेवा, कॉस्मिक किरणं येतात. मोबाइलने कॅन्सर होतो हे डब्ल्यूएचओनेच मान्य केलंय." हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा आला. मागच्या खेपेला तो वाचून मावशीने रात्री फोन बंद केला. त्याच रात्री मामाला दवाखान्यात हलवलं आणि तिला ते सकाळी कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ती काडी. फोनने किती ताकदीने लहरी सोडायच्या हे टॉवरशी असलेल्या संपर्कावर ठरतं, बॅटरीवर नाही. काड्या कमी असल्या की ताकद वाढते हे खरं, पण त्या काड्या नेटवर्कच्या! लिफ्टमध्ये, तळघरात, घाटात रेंज गेली की फोन जोर लावतो. तोही मर्यादेतच: भारतात २०१२पासून फोनच्या लहरींची शरीरात शिरणारी ऊर्जा शरीराच्या किलोमागे १.६ वॅटच्या आत ठेवावी लागते. आणि संपत आलेल्या बॅटरीत हजारपट ऊर्जा येणार तरी कुठून?

डब्ल्यूएचओचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०११मध्ये या लहरींना '२ब' गटात टाकलं. म्हणजे 'कॅन्सर होत असण्याची शक्यता आहे, पण पुरावा तोकडा'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. धोका किती मोठा, हे हा गट सांगत नाही. पुरावा किती पक्का, एवढंच सांगतो. त्यानंतर, २०२४मध्ये, डब्ल्यूएचओनेच करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून जास्त वापर असलेल्यांतही नाही. एक्स-रे पेशीतल्या डीएनएची मोडतोड करू शकतात. मोबाइलच्या लहरींची ऊर्जा साध्या उजेडापेक्षाही खूप कमी असते, तेवढ्याने रेणूंचे बंध तुटत नाहीत.

कॉस्मिक किरणं दिवसरात्र येतच असतात. फोन चालू आहे की बंद, त्यांना काही फरक पडत नाही. डाव्या कानाबद्दल काय बोलणार, मेंदू दोन्ही बाजूंना आहे!

फोन निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. मान वाकडी करून, खांद्यात फोन धरून दुचाकी चालवणारा भाचा आमच्याच घरात आहे आणि मला त्याची भीती वाटते. त्याबद्दल ग्रुपवर कधी कुणी मेसेज टाकला नाही.

मावशीला मी सांगितलंय: उशाशी फोन नको, झोपमोड होते. समोरच्या टेबलावर ठेव, रिंग मोठी कर, पण चालू ठेव.