एका डब्यात तीन सर्व्हर

खऱ्या संगणकाचे नेटवर्क मंदावले, तर निदान वायर हलवून पाहता येते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने मांडलेला आभासी संगणक; त्याची वायरही कल्पनेतली असल्यामुळे तिथे लोकांची मते हलवावी लागतात, आणि मतांच्या बाबतीत आमच्या जळगावात कधीच टंचाई नसते.

औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये हिशेब, हजेरी आणि फाइली अशी तीन व्हर्च्युअल मशीन एकाच सर्व्हरवर चालतात. ऐन मे महिन्यात खातेवही उघडायला इतका वेळ लागू लागला की चार कारकून एकमेकांकडे पाहत बसत. शेठजींचे निदान उन्हाचे होते. ४५ अंशांत माणूस मंदावतो, मग मशीनने काय घोडे मारले आहे, असा त्यांचा सवाल होता. (सर्व्हर एसीत आणि शेठजी कूलरसमोर, हा तपशील मी मांडला नाही.) सॉफ्टवेअरवाल्याने फोनवरूनच नेटवर्कला दोषी ठरवले, आणि खातेवही घरच्याच सर्व्हरवर असताना शेठजींचे इंटरनेटवाल्यालाही फैलावर घेऊन झाले होते.

मुनीम नानांनी मात्र पुरावा आणला. "पिंग एक मिलिसेकंद येतो भो, म्हणजे नेटवर्क चोख आहे." विंडोजचा पिंग हा ३२ बाइटचा इवलासा निरोप असतो, तो झटकन जाऊन आला म्हणून सगळे आलबेल मानणे म्हणजे बोळातून सायकल गेली, तेव्हा केळीचा ट्रकही जाईल असे समजणे होय.

माझा पहिला संशय आभासी नेटवर्क कार्डावर होता. तिथे ई१००० प्रकारचे कार्ड होते, जे इंटेलच्या एका जुन्या गिगाबिट कार्डाची हुबेहूब नक्कल करते आणि त्या नकलेपायी प्रोसेसरला फुकटची हमाली करायला लावते. त्याऐवजी व्हीएमएक्सनेट३ घातले, कारण आपण खरे कार्ड नाही हे ते मान्य करते आणि सोंगाची मेहनत वाचवते. तेव्हा विंडोजने कळवले की हा आयपी पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाकडे आहे. म्हणजे काढलेले कार्ड डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या उपकरण-यादीत अदृश्य होऊन जुन्या पत्त्यावर ठाण मांडून बसले होते. लपलेली उपकरणे दाखवण्याची सोय चालू करून त्याला रीतसर घालवले.

नव्या कार्डाने वेग दाखवला १० गिगाबिट. नाना प्रसन्न झाले, पण खातेवही झाली नाही.

मग जेवणाच्या सुट्टीत, सगळे कारकून शेवभाजीकडे वळल्यावर, नेटवर्कचा वेग मोजणारे आयपर्फ३ लावले. दोन व्हर्च्युअल मशीनमधला वेग १० गिगाबिटच्याही वर गेला, आणि त्यात नवल नव्हते, कारण त्यांच्यातली माहितीची पाकिटे सर्व्हरच्या मेमरीतूनच इकडची तिकडे होतात, त्यांना बाहेरची वायर ठाऊकच नसते. नानांच्या टेबलावरून तोच प्रयोग केला, तर आकडा आला ९४ मेगाबिट. हा आकडा ओळखीचा आहे: धड गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिट) वायर साधारण ९४० मेगाबिट देते, आणि ९४ आले की कुठे तरी १०० मेगाबिटचा जोड बसला आहे असे समजावे. आतले कार्ड १० गिगाबिटचा तोरा मिरवत होते, तर सर्व्हरच्या खऱ्या पोर्टावर १०० लिहिलेले होते.

गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की पुष्कळ कार्डे तक्रार न करता खालच्या वेगावर उतरतात. आमची वायर बारदानाच्या खोलीतून जात होती आणि तूरडाळीला कंटाळलेल्या उंदराने ती एका ठिकाणी कुरतडली होती.

वायर बदलून पाइपातून नेल्यावर खातेवही क्लिक करताच उघडू लागली. नानांची आता नवीच तक्रार आहे: शेठजींनी मागताक्षणी उधारीची यादी त्यांच्यासमोर येते, आणि "नेट स्लो आहे" म्हणून चहापर्यंत वसुलीचा विषय टाळण्याची सोय राहिलेली नाही.