नव्वद तास आणि बेदाणा

शनिवारी संध्याकाळी तासगावात, गणपतीच्या देवळाजवळच्या कट्ट्यावर पुन्हा ते नव्वद तास निघाले. काढले अर्थातच सुहासनं. पुण्याहून आला की त्याच्या मोबाइलमध्ये कुठल्यातरी साहेबाचं वाक्य असतंच. सध्याचं वाक्य एका मोठ्या कंपनीच्या साहेबाचं: आठवड्याला नव्वद तास काम करा, रविवारीसुद्धा.

"आपल्या लोकांना शिस्तच नाही. जपान बघा!"

"तू बघितलास?" पिंट्या.

"व्हिडिओ बघितलेत."

अण्णांचं बेदाण्याचं शेड आहे. ते म्हणाले, "बेदाण्याला तास कळत न्हाईत, गड्या. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली डिपिंग ऑइल. त्यात घड दोन-चार मिनिटं बुडवायचा. कमी बुडला तर सालीवरचं मेण सुटत न्हाई, आतलं पाणी अडकतं, माल काळा पडतो. मग जाळीवर पातळ पसरायचा. थर जाड झाला की मधल्या घडाला बुरशी. पुढं १२ ते १५ दिवस सावलीत. ह्यात तुझं नव्वद तास कुठं बसवू?"

"म्हणजे मेहनत नको?"

"येळेवर पायजे. ब्रिक्स म्हणजे द्राक्षाच्या गोडीचं माप; ते २२च्या आत असताना द्राक्ष तोडलंस तर मागनं चोवीस तास राबून वजन भरत न्हाई. चार किलो द्राक्षाला किलो बेदाणा पडायचा, तिथं पाच लागतात. मार्चात ढग आलं की रात्री दोनला ताडपत्र्या सोडायला सगळं घर पळतं, तवा कोण घड्याळ बघत न्हाई. पण त्याच बायामाणसांना सकाळी सातला परत उभं करायचं नसतं. झोपंला आलेला हात घड ओढतो, मणी फुटतो, रस गळतो, शेजारचं चार मणी चिकटतात. नुकसान कुणाचं?"

शिस्तीवर यापेक्षा नेमकं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

"शिस्तीचं अण्णांनी बोलूच नये," पिंट्या उसळला. "मला औषध फवारायचा ब्लोअर दिला नव्हता!"

"दिलता! नोझल चोंदून परत आला. औषध मारून झालं की टाकीत साधं पाणी घालून ब्लोअर चालवायचा, फिल्टर काढून धुवायचा. दहा मिनिटांचं काम."

"सहा वर्षं झाली, अण्णा!"

"नोझल अजून ठेवलंय."

हसणं ओसरल्यावर मास्तर बोलले. "कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंगातल्या पोरांना राबवलं, खरंय. पण त्याच पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घरात असो की कारखान्यात, शिस्त मागणाऱ्यानं आधी आपलं काढून द्यावं. तुझ्या साहेबानं काय मोडलं, सुहास?"

सुहास मोबाइल वर-खाली करत राहिला. मग म्हणाला, "थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं."

"मग प्रॅक्टिकलला ये की," अण्णा म्हणाले. "माल वाळलाय, जाळ्या हलवायच्यात. उद्या सकाळी साडेपाचला."

"उद्या? अण्णा, उद्या रविवार आहे!"

पिंट्या कट्ट्यावरून खालीच घसरला. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. चहावाला किटली तशीच हातात धरून विचारत होता, "काय झालं, काय झालं?" आणि सांगायला कुणाला दमच धरवत नव्हता.