मकरपुऱ्याच्या काकांनी दिलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

काका नमस्कार, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की आम्ही फुकटचं राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल उघडायचं सॉफ्टवेअर, म्हणजे वेबमेल) लावून पैसे घेतले, मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, १२ एमबीचं ड्रॉइंग जात नाही, अर्धं लिहिलेलं कोटेशन उडालं आणि कॅलेंडर तर नाहीच. यातल्या तीन गोष्टींत चूक माझीच आहे, राउंडक्यूबची नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

ड्रॉइंगचं असं झालं की राउंडक्यूब ज्या पीएचपीवर चालतं त्यात अपलोडची लिमिट मुळात २ एमबी असते, ती मी २५ केली, पण मागे मेल पाठवणारं पोस्टफिक्स आहे त्याची लिमिट साधारण १० एमबीवरच राहिली, आणि मेलमधून फाइल जाताना ती एक तृतीयांशाने फुगते म्हणजे तुमचं १२ चं ड्रॉइंग १६ होतं. म्हणून फाइल चढताना दिसायची आणि सेंड दाबलं की लाल पट्टी. दोन्हीकडे बघायला हवं होतं, मी एकच बघितलं. आज सकाळी पोस्टफिक्स ४० वर नेलं आणि तुमचंच ड्रॉइंग माझ्या पत्त्यावर पाठवून उघडून बघितलं, नीट आलं.

कोटेशनचं मला जास्त वाईट वाटलं. तुम्ही लॅपटॉप बंद करून जेवायला गेलात, राउंडक्यूबचं सेशन, म्हणजे लॉगिन टिकायची वेळ, मुळात १० मिनिटांचं असतं, टॅब चालू असेल तर ते आपोआप वाढत राहतं पण लॅपटॉप झोपला की संपतं, आणि ड्राफ्ट दर ५ मिनिटांनी सेव्ह होतो. ड्राफ्टमध्ये वरच्या चार ओळी होत्या, खाली रेट लिहिलेले तेवढे गेले. आता सेशन २ तास आणि ड्राफ्ट दर मिनिटाला, हे बसवून देतानाच करायला हवं होतं.

मोबाइलचं म्हणाल तर ऑफिसातल्या बेनना जुना लॅरी स्किन (स्किन म्हणजे स्क्रीनवरचं रूप) सवयीचा होता म्हणून मी सगळ्यांनाच तो लावला. २०१९ पासून इलॅस्टिक नावाचा स्किन आहे तो फोनच्या स्क्रीनला बसतो, तुमच्या लॉगिनला तो केलाय, बेनना त्यांचा जुनाच ठेवलाय.

आता राउंडक्यूबच का ते. स्नॅपीमेल हे दुसरं वेबमेल मला स्वतःला आवडतं, हलकं आहे, डेटाबेससुद्धा लागत नाही, पण त्याचं मुख्य काम एकाच माणसाच्या हाती आहे, तो थांबला तर तुमच्या कारखान्याचा मेल उघडा पडेल ही मला भीती. सोगो म्हणून तिसरं आहे, त्यात कॅलेंडर आहे, फोनशी सिंक आहे, सगळं आहे, पण तुमचा सर्व्हर २ जीबी रॅमचा आणि मार्चमध्ये चहा पिताना मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात मेल सोडून काही नको. राउंडक्यूबवर खूप वर्षांपासून बरेच लोक काम करतायत, फिल्टर आणि सुट्टीचा ऑटो रिप्लाय बेन स्वतः लावू शकतात, म्हणून ते घेतलं. या निवडीवर मी अजूनही ठाम आहे.

आणि फुकटचं म्हणालात ते खरंय, सॉफ्टवेअर फुकटच आहे, त्याचे पैसे मी घेतलेच नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये राउंडक्यूबमध्ये दहा वर्षं जुनी एक मोठी खोट सापडली, कुणाच्या हाती एक पासवर्ड लागला तर तो सर्व्हरवर वाट्टेल ते चालवू शकत होता. १.६.११ आलं त्याच रात्री मी दांडिया बाजारच्या ऑफिसात बसून तुमच्यासकट सगळ्यांचे सर्व्हर अपडेट केले, तुम्हाला कळलंही नाही. महिन्याचे पैसे त्या कामाचे आहेत काका.

वेबमेल म्हणजे नुसता दरवाजा आहे, मेल सगळे आत डव्हकॉटमध्ये, म्हणजे सर्व्हरवर मेल सांभाळणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, दरवाजा बदलला तर आतलं एकही पत्र हलत नाही. तेव्हा कॅलेंडर आता हवंच असेल तर रॅम ४ जीबी करून सोगो बाजूला वेगळ्या पत्त्यावर लावून देतो, तोच पासवर्ड, पंधरा दिवस दोन्ही वापरून बघा, लावायचे पैसे नाहीत, रॅमचा काय खर्च येईल तो आधी सांगतो. शनिवारी अकराला कारखान्यात येतोय, तुमचा फोन चार्ज करून ठेवा आणि बेनना पण बसवा.