हौदात कढत पाणी ओतू नका, बाप्पा!

रविवारी सकाळी नागपुरातल्या मानेवाड्याहून ताईचा फोन. "अरे, मासे पालथे होऊन वर आलेत." अंगणातल्या हौदात तिने बादलीभर कढत पाणी ओतलं होतं, कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर तसं आलं होतं. तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल: मासे थंड रक्ताचे, त्यांना थंडी वाजत नाही, ॲक्वेरियमचे कोणतेही मासे हौदात बारा महिने राहतात, हिवाळ्यात रोज एक बादली उकळतं पाणी ओता, खाणं दुप्पट करा, रात्री प्लास्टिक झाका.

थंडी वाजतच नाही, तर उकळतं पाणी कशाला? लिहिणाऱ्याला हेही सुचलं नाही.

आधी त्या बादलीचा हिशेब करू. ताईचा हौद 500 लिटरचा, पाणी 14 अंशांवर. त्यात 90 अंशांचं 15 लिटर ओतलं आणि नीट ढवळलं, तर हौद जेमतेम 16 अंशांवर जातो, आणि रात्री पुन्हा होता तिथे. पण ढवळतो कोण? गरम पाणी हलकं, ते वरच राहतं. आणि बादलीचा आवाज आला की मासे खाणं मिळेल म्हणून नेमके तिथेच धावतात. तीन एंजल आणि एक मॉली अशीच गेली. (एंजल 14 अंशांत तशाही फार दिवस काढत नव्हत्या, हे ताईला अजून सांगितलेलं नाही.)

ही युक्ती कुठून आली असेल, याचा मला अंदाज आहे. बर्फ पडणाऱ्या देशांत तळ्यावर बर्फाचा थर धरला, की त्यावर गरम पाण्याचं भांडं टेकवून भोक पाडतात, म्हणजे खाली कोंडलेला वायू बाहेर पडतो. भांडं टेकवतात, ओतत नाहीत. आणि नागपुरात बर्फ कुठला? 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर गेला, तो हवामान खात्याच्या नोंदीतला नीचांक. तोही गोठणबिंदूच्या वरच.

थंड रक्ताचं म्हणाल तर ते खरंच आहे, पण अर्थ उलटा लावलाय. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं. मग पचन मंदावतं, रोगाशी लढायची ताकद कमी होते, अंगावर पांढरे ठिपके येतात. म्हणून दुप्पट खाणं हाही वेडेपणाच. न पचलेलं, न खाल्लेलं सगळं तळाशी सडतं आणि पाण्यात अमोनिया वाढतो. पाणी 10 अंशांखाली गेलं तर गोल्डफिश-कोईचंही खाणं बंदच ठेवतात.

"कोणतेही मासे" यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. गोल्डफिश आणि कोई आपल्याकडच्या थंडीला भीत नाहीत. डासांसाठी सोडतात ते गप्पीही बरेचदा तगतात. पण एंजल, टेट्रा, फायटर ही उष्ण पाण्याची जात, त्यांना 25 अंशांच्या आसपास लागतं.

प्लास्टिकचं ठीक. रात्री झाका, एक बाजू उघडी ठेवा, उन्हं आली की काढा.

ताईचे दोन गोल्डफिश हौदातच आहेत, तळाशी, गप्प. उरलेली मॉली जुन्या काचेच्या टाकीत घातली, 50 वॅटच्या हीटरवर. काल तिने खाल्लं.