सतरा खड्यांचा मालक

ऑपरेशन पोटाचं आणि ठणकत होता उजवा खांदा. हे मी वहिनीला सांगितलं तर ती बायकोच्या कानाशी लागली, "भावोजींची भूल अजून उतरली नाही वाटतं."

शेवटी सर्जननीच माझी अब्रू राखली. दुर्बिणीने पित्ताशय काढायचं तर आधी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवावं लागतं. मागे उरलेला वायू छातीखालच्या पडद्याला त्रास देतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून खाली येत असल्याने दुखणं उमटतं खांद्यात. दोन-चार दिवसांत जाईल म्हणाले, चालत राहा.

लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत चालणार कुठे? म्हणून गॅलरीत. गॅलरीत बारा बिऱ्हाडं, आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न : "वारा सरला का?" हॉस्पिटलात नर्सने विचारलं होतं तेव्हा मी लाजून भिंतीकडे पाहिलं होतं. इथे भिंतीलाही उत्सुकता! मंगळवारी दुपारी एकदाचा सरला, तर सासूबाईंनी नातवाचा दहावीचा निकाल सांगावा तशा आवाजात फोनवर डोंबिवलीला कळवलं.

खोकताना पोटाशी उशी धरायची, हे नर्सने शिकवलं होतं. हसताना काय धरायचं ते नव्हतं शिकवलं. शेजारच्या अण्णांना हे कळल्यापासून ते रोज संध्याकाळी नवा विनोद घेऊन येत.

जेवणाचं म्हणाल तर, पित्त तयार करतं यकृत, ते काही थांबत नाही. फक्त साठवायची पिशवी गेलेली असते. आमच्या गिरणगावात गिरण्या गेल्या आणि गोदामं उरली, माझ्या पोटात गोदाम गेलं आणि गिरणी चालू. तेव्हा काही दिवस तळकट बेताने. भेटायला येणारे ताजी कोथिंबीरवडी आणत, "तुला चालत नसेल ना?" असं कळवळून विचारत आणि माझ्या पलंगावर बसून संपवत.

पण खरा मान माझा नव्हताच, पित्ताशयातून निघालेल्या खड्यांचा होता. डॉक्टरांनी ते प्लास्टिकच्या डबीत घालून दिले होते. पिवळट, कोपरे घासलेले, सतरा. मेहुण्याने डबी शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवली. येणारा आधी तिकडे जाई, डबी कानाशी धरून वाजवी, मोजे, मग माझ्याकडे वळून म्हणे, "एवढेच? आमच्या साडूंचे सुपारीएवढे होते." एका काकांनी तर कुठल्या बोटात घालायचा म्हणून विचारलं.

टाके काढून आलो त्या दिवशी सहज डबी उघडली. सोळा. पलंगाखाली शोधलं, केरात शोधलं. संध्याकाळी डोंबिवलीहून मावशीचा फोन आला.

"अरे, एक मी आणलाय. आमच्या शेजाऱ्याची पोटदुखी सहा महिन्यांची, सोनोग्राफीला तयारच नव्हता. खडा पुढे ठेवला, लगेच गेला."

"बरं झालं. पण परत कधी देणार?"

"आता काही सांगता येत नाही रे. सध्या तो बी विंगमध्ये गेलाय."