फेस घाणीचा नव्हे, चाकाचा

रविवारी सकाळी साडेआठला मामांचा व्हिडिओ कॉल. माहीममधल्या त्यांच्या सोसायटीचं कंपाउंड, गाडीचं पुढचं डावं अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, चाक, आणि त्यावर निळसर फेस बुडबुडतोय. "बघ, किती घाण निघतेय!" मामा खूश. मी इकडून ओरडतोय, "मामा, पाणी मारा, आधी पाणी मारा!" त्यांना वाटलं, मी कौतुक करतोय.

पाणी मारल्यावर जे दिसलं ते सांगतो. ओघळ जिथून गेले तिथे राखाडी-पांढरे पट्टे, भिंतीवरून चुना ओघळावा तसे. पट्ट्यांच्या मध्ये सुईच्या टोकाएवढे खड्डे. आदल्या रात्रीपर्यंत त्या चाकात बघून भांग पाडता आला असता.

हे घडवणारा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. "शोरूमवाले सांगणार नाहीत!!" असं वर, खाली पाच हात जोडलेले. उपाय असा: गाडी चालवून आल्याबरोबर, चाक गरम असतानाच संडास धुण्याचं लिक्विड ओता आणि दहा मिनिटं ठेवा. फेस आला म्हणजे घाण सुटली. मग तारेच्या घासणीने घासा. अ‍ॅसिड मारण्यासाठी धुण्याच्या सोड्याचा लेप लावा. काळे डाग उरले तर चिंच. शेवटी खोबरेल तेल स्प्रे बाटलीत भरून जाळीतून आतपर्यंत मारा, म्हणजे खारी हवा वर्षभर चाकाला शिवणार नाही. आणि हे सगळं बिनधास्त करा, कारण "अ‍ॅल्युमिनियमला गंज चढतच नाही."

मी सोळा वर्षं वसईला, विजेच्या मदतीने अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणाऱ्या एका अ‍ॅनोडायझिंग युनिटमध्ये काढली आहेत. अ‍ॅल्युमिनियम चमकवणं आणि त्याची चमक घालवणं, दोन्ही कामं पगार घेऊन केली आहेत. म्हणून फेसापासूनच सुरुवात करतो.

अ‍ॅल्युमिनियम टिकतं ते त्याच्या अंगावर आपोआप येणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले दोन-चार भाग एवढीच त्याची जाडी. बेल्जियमच्या मार्सेल पूर्बे या रसायनशास्त्रज्ञाने कोणता धातू किती पीएचला (आम्लपणाचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) टिकतो आणि कुठे विरघळतो याचे नकाशेच काढून ठेवले. ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. आमच्या लॅबच्या भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमचा नकाशा लावलेला होता, कडा तेलकट झालेला. त्यात हा पापुद्रा साधारण 4 ते साडेआठ पीएचमध्ये सुखरूप असतो. त्याच्या खाली गेलात तरी विरघळतो, वर गेलात तरी विरघळतो.

आता संडासाच्या बाटलीचं लेबल वाचा. बहुतेकांवर हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, साधारण 10 टक्क्यांच्या आसपास. पीएच 1 च्याही खाली. पापुद्रा गेला की आम्ल थेट धातूला भिडतं आणि हायड्रोजन सुटतो. मामांना दिसत होता तो फेस त्याचा. घाण निघत नव्हती, चाक निघत होतं. त्यात हे आम्ल क्लोराइडवालं, म्हणजे सगळीकडून सारखं न खाता जागोजाग टोचत जाणारं. सुईच्या टोकाएवढे खड्डे त्याचेच. चाक गरम असेल तर हे सगळं आणखी वेगाने होतं, आणि लिक्विड वाळून तिथेच डाग धरतं. शिवाय ओघळ चाकापाशी थांबत नाहीत. मागची ब्रेकची डिस्क बिडाची, नटांवर मुलामा. आम्ल त्यांनाही सोडत नाही.

पुढची पायरी वाचून तर मी कपाळावर हात मारला. अ‍ॅसिड मारायला धुण्याचा सोडा! खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांतला फरक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावा. खायच्या सोड्याचं पाणी सव्वाआठच्या आसपास राहतं, धुण्याच्या सोड्याचं अकरापर्यंत जातं. म्हणजे नकाशाच्या एका टोकाकडून खड्ड्यात पडलेल्या माणसाला वर काढून दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात ढकलायचं. आमच्याकडे एखाद्या पार्टीला मॅट फिनिश हवं असेल तर माल गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवायचे. काही मिनिटांत आरशासारखा पत्रा दुधट होऊन वर यायचा. धुण्याचा सोडा कॉस्टिकएवढा जहाल नाही, पण वाट तीच.

तारेच्या घासणीबद्दल फार लिहीत नाही. ओरखडे पडतात हे सांगायला कोणी लागत नाही. फक्त एवढंच, की तारेचे बारीक कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उठतात. मग लोक म्हणतात, अलॉय गंजला.

आणि खरंच, अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, हे मान्य. पांढरी भुकटी धरते आणि खड्डे पडतात. वरळी सी फेसला भरतीच्या वेळी गाडी लावून बघा आणि चाक आठवडाभर धुऊ नका. मीठ म्हणजे क्लोराइडच, पीएच ठीक असला तरी ते पापुद्र्याला भोकं पाडतं.

चिंचेचंही थोडं मानावं लागेल. आमची आजी काळा पडलेला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच, टोप चिंचेचा कोळ घालून उकळायची आणि तो पांढराशुभ्र निघायचा. सौम्य आम्ल, थोडा वेळ, मग भरपूर पाणी. काळपट थर जातो. पण टोपात कुणी तोंड बघत नाही. पॉलिश केलेल्या रिमवर तोच कोळ वाळला तर ढग उठल्यासारखे डाग पडतात. तेव्हा चिंच आमटीतच बरी.

खोबरेलाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तेलावर ब्रेकची धूळ चिकटून काळा चिखल होतो, हे एक. पण "जाळीतून आतपर्यंत" म्हणजे कुठे? स्पोकच्या मागे डिस्क आहे. गाडी थांबते ती पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणावर, आणि तिथेच तुम्ही तेल मारणार. पॅडने तेल प्यायलं की नुसतं पुसून भागत नाही, बहुधा पॅडच बदलावे लागतात. मामांनी बाटली भरून तयार ठेवली होती. पुढच्या आठवड्यात तीच गाडी मामी, दोन नातवंडं आणि मखराचं सामान घेऊन गणपतीला गावी निघणार होती, घाट उतरून. फोनवर माझा आवाज चढला तो इथे.

मग करायचं काय? आधी हे बघा, की चाक खरंच उघडं आहे का. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक अलॉयवर, डायमंड कटवरसुद्धा (यंत्रावर कातून चकाकवलेल्या), पारदर्शक लॅकर असतं. मेटल पॉलिशचा थेंब कापडावर घेऊन कोपऱ्यात घासा. कापड काळं झालं तर उघडा धातू, नाही झालं तर लॅकर. लॅकर असेल तर मेटल पॉलिश विसरा, शाम्पू आणि वॅक्स पुरे. मामांच्या चाकांवर लॅकर नव्हतं. आधीच्या मालकाने हौसेने पॉलिशचे रिम बसवलेले.

चाक गार होऊ द्या, गाडी सावलीत घ्या. नुसत्या पाण्याने आधी कचकच घालवा. मग गाडीचा न्यूट्रल शाम्पू, मऊ ब्रश, आणि चाकांसाठी वेगळी बादली. नाहीतर तीच ब्रेकची धूळ बॉनेटवर घासाल. चिकटलेली ब्रेकची धूळ बरीचशी लोखंडाची असते, तिच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. वास घाण येतो, कारण त्यातलं थायोग्लायकोलेट पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमधल्या जातीचंच. बाटलीवर नुसत्या लॅकरवाल्या नव्हे, उघड्या अ‍ॅल्युमिनियमलाही चालेल असं लिहिलंय का, एवढं बघून घ्या, आणि वाळू देऊ नका.

उघड्या धातूला सुती कापडाने मेटल पॉलिश. कापडावर येणारा काळा रंग म्हणजे बराचसा तुमचा धातूच, त्यामुळे दर रविवारी हा सोहळा नको. वर वॅक्स किंवा सीलंट. मुंबईत ते वर्षभर टिकत नाही. पाणी थेंब न धरता पसरायला लागलं की पुन्हा लावा. समुद्राचं पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

मामांचं चाक घासकागदाच्या तीन-चार नंबरांतून काढून पुन्हा बफ करावं लागेल. खड्डे किती खोल गेलेत त्यावर अवलंबून. उरलेली तीन वाचली.

हे सगळं लिहून आधी त्यांनाच पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ 'टायपिंग'. शेवटी मेसेज आला: "ठीक आहे. पण मोठी बाटली आणली होती. उरलेल्याचं काय करू?"

म्हटलं, मामा, बाटलीवर ज्याचं चित्र आहे, त्यात ओता.